शिखराचा दर विचारण्याआधी दोरावरची माणसं मोजा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

परीक्षा संपल्या की ठाण्यापासून पनवेलपर्यंत मोबाइलवर एकाच धाटणीच्या जाहिराती फिरू लागतात. ‘पूर्वानुभवाची गरज नाही. गाइड सोबत. सहा हजार मीटरचं शिखर नऊ दिवसांत.’ पुढे जून-जुलैत शहर पुरवण्यांमध्ये शिखरमाथ्यावरचे फोटो येतात. तिरंगा, गॉगल, हसरे चेहरे आणि कमरेला बांधलेला दोर. बातमीत उंची असते, तापमान असतं, वाऱ्याचा वेगही असतो. त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं आणि त्यावर एकूण माणसं किती होती, एवढंच नसतं. बर्फाच्या शिखरावर जाणाऱ्याने सर्वांत आधी विचारायची गोष्ट आमच्या मते हीच आहे, आणि पैसे भरताना ती जवळपास कुणीच विचारत नाही. म्हणून हे पत्र.

सह्याद्रीत गाइड म्हणजे वाटाड्या. अलंग-मदनला किंवा नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर जाताना गावातले मामा पुढे असतात. ते वाट दाखवतात, अवघड टप्प्याला हात देतात, पण आपल्याला बांधलेले नसतात. आपण घसरलो तर ते जागच्या जागी उभे राहतात. हिमनदीवरच्या गाइडचं तसं नाही. तो तुमच्याच दोराला बांधलेला असतो. तुम्ही हिमनदीतल्या भेगेत, म्हणजे क्रिव्हासमध्ये गेलात तर तो तुम्हाला धरतो. तो गेला तर त्याला तुम्ही धरायचं असतं. सोबत गाइड आहे म्हणजे आपण फक्त पाय टाकायचे, असं मानून जाणारा माणूस दोरावरच्या सगळ्यांचा जीव टांगणीला लावत असतो.

आल्प्समध्ये हा धडा फार जुना आहे. 1820 साली मोंब्लाँ शिखरावर हिमस्खलनात तीन गाइड दगावले आणि पुढच्याच वर्षी पायथ्याच्या शामोनी गावात गाइडांची संघटना उभी राहिली. ती आजही आहे. वेगवेगळ्या देशांच्या गाइड संघटनांना एकत्र आणणारा आंतरराष्ट्रीय महासंघ 1965 साली स्थापन झाला. मोंब्लाँची उंची 4,800 मीटरांहून थोडी जास्त, म्हणजे आपल्या मनालीच्या फ्रेंडशिप शिखराहूनही कमी. तरीही तिथल्या रुळलेल्या वाटेवर एका गाइडसोबत दोनच पाहुणे हा रिवाज आहे. मॅटरहॉर्न या उभ्या शिखरावर तर एका गाइडला एकच. सपाट, सोप्या हिमनदीवर फेरफटका असेल तर एक गाइड पाच-सहा जणांना नेतो, कारण तिथे धोका फक्त भेगांचा असतो. उतार तीव्र झाला की आकडा लगेच खाली येतो.

हा आकडा कुठून येतो, ते दोराच्या हिशेबातूनच कळतं. समजा दोर 50 मीटरचा आहे. त्यावर गाइड धरून तिघं, आणि दोघांमध्ये 12 मीटर अंतर. 24 मीटर दोर वापरात गेला, 26 मीटर गाइडच्या सॅकमध्ये किंवा खांद्यावरच्या वेटोळ्यात उरला. कुणी भेगेत पडलं तर त्याच्यापर्यंत सोडायला आणि ओढण्याची यंत्रणा उभी करायला हा उरलेला दोर लागतो. आता त्याच दोरावर सहा जण 10-10 मीटरवर बांधा. पाच अंतरं, 50 मीटर. गाठींनाही दोर पुरणार नाही, वाचवायला उरेल शून्य. मग अंतर कमी करून पाच-पाच मीटरवर बांधतात. तेव्हा होतं असं की एका रुंद भेगेवरच्या बर्फाच्या पुलावर एकाच वेळी दोघं उभे असतात. पूल खचला तर दोघंही जातात आणि धरणाऱ्याच्या वाट्याला दुप्पट भार येतो.

दोघांच्याच दोरावर अंतर उलट जास्त ठेवतात, 15 मीटर किंवा त्याहून अधिक, आणि मधल्या दोरात फुलपाखरू गाठी मारतात. पडणाऱ्याच्या वजनाने दोर भेगेच्या ओठाला कापत जातो, तिथे ही गाठ बर्फात रुतते आणि वर एकट्या उरलेल्यावरचा भार हलका होतो. या गाठींची एक अडचण आहे: नंतर ओढून काढताना त्याच ओठाशी अडकतात. त्यामुळे तिघांहून अधिक माणसं असतील तर बहुतेक गाइड त्या टाळतात.

दोरावर बांधून घेतलेल्या माणसाची कामं थोडी आहेत, पण ती चुकली की वरचा हिशेब वाया जातो. पहिलं काम दोर ताठ ठेवण्याचं. ताठ म्हणजे ओढलेला नव्हे. दोघांच्या मध्ये दोर हलका झोल घेऊन बर्फाला जेमतेम टेकावा. पुढच्याच्या पायाशी तीन मीटर दोर गोळा झाला असेल तर भेगेत पडणारा आधी ते तीन मीटर मोकळा पडतो, मग झटका बसतो, आणि त्या झटक्याने मागचा माणूस बर्फावरून फरफटत ओठाकडे जातो. नवख्यांची हमखास चूक म्हणजे जादा दोराची वेटोळी हातात धरून चालणं. ती वेटोळी म्हणजे तोच मोकळा झोल, शिवाय झटक्यात बोटं आवळली जातात. पुढचा थांबला तर तुम्हीही तिथेच थांबायचं, गप्पा मारायला किंवा फोटोला त्याच्याजवळ जायचं नाही. वळणावर पुढच्याची दिशा बदलली की दोर सैल पडतो, तिथे आपला वेग कमी करायचा. तिरक्या चालीत दोर नेहमी उताराच्या बाजूला आणि आइस अ‍ॅक्स (बर्फातली कुऱ्हाड) चढाच्या बाजूच्या हातात. क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दात) घातलेला पाय दोरावर कधीही नाही. वरून दोर शाबूत दिसतो, पण दात आतल्या धाग्यांमध्ये घुसलेले असू शकतात.

रांगेची दिशाही महत्त्वाची. भेगांच्या रेषेला समांतर चालत राहिलं तर सगळा दोर एकाच भेगेवर येऊ शकतो, म्हणून भेग शक्यतो काटकोनात ओलांडायची. मे-जूनमध्ये हिवाळ्यातल्या बर्फाने भेगा झाकलेल्या असतात. पृष्ठभागावर किंचित खोलगट, जरा वेगळ्या छटेची लांबट रेघ दिसते, तेवढीच खूण. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत जुना बर्फ वितळून बऱ्याच भेगा उघड्या पडतात. त्या भीतिदायक दिसतात, पण दिसतात तरी. अनुभवी गाइड झाकलेल्या भेगांना जास्त बिचकतो. चढताना तो पुढे राहून बर्फ टोचत जातो. तीव्र उतारावरून उतरताना मात्र तो सर्वांत मागे, म्हणजे वरच्या बाजूला असतो, कारण घसरणाऱ्याला वरूनच धरता येतं. त्या वेळी वाट शोधणारे तुम्ही असता, याची कल्पना आधीच असलेली बरी.

आणि कुणी पडलंच तर? पाहुण्याने पहिल्या क्षणाला करायची गोष्ट एकच: स्वतःला बर्फावर झोकून देणं. आइस अ‍ॅक्सची चोच खांद्याजवळ, दांडा छातीवर तिरका, दुसरा हात खालच्या टोकावर, छातीचा भार चोचीवर. भेगेतला माणूस तोलायला टाचा, गुडघे, जे रुतवता येईल ते रुतवायचं. उतारावर स्वतः घसरत असाल तर मात्र क्रॅम्पॉन घातलेले पाय वर उचलायचे. दात अडकले तर माणूस उलटा फिरतो किंवा घोटा मोडतो. दुसरी गोष्ट म्हणजे भेगेच्या ओठाशी डोकावायला न जाणं. ओठाखालचा बर्फ बहुतेकदा पोकळ असतो. गाइड बर्फ खणून आडवी अ‍ॅक्स पुरतो किंवा कडक बर्फात आइस स्क्रू लावतो, तिथे भार सोपवतो आणि मग तुम्हाला हलायला सांगतो. तोवर तुम्हीच नांगर.

ओढण्याच्या यंत्रणेबद्दलही गैरसमज आहेत. झेड पुलीने, म्हणजे दोर इंग्रजी Z च्या आकारात फिरवून ओढण्याच्या रचनेने, तीनपट फायदा मिळतो असं शिकवतात. ते कागदावर. पुलीऐवजी नुसती कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या) असतील आणि दोर ओठात रुतलेला असेल तर प्रत्यक्षात तो जेमतेम दुप्पट होतो, कधी त्याहूनही कमी. ओठाखाली सॅक किंवा अ‍ॅक्सचा दांडा सरकवला नाही तर तेवढाही होत नाही. एकटा गाइड 80 किलोच्या निश्चेष्ट माणसाला बाहेर काढताना घामाघूम होतो आणि वेळ जातो. आत लटकणारा थंडीने गारठतो, हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेला बांधलेल्या पट्ट्यात, नुसतं लोंबकळत राहणंही शरीराला झेपत नाही. म्हणून पडलेल्याला शुद्ध असेल तर त्याने स्वतः वर यायला शिकलेलं असावं. 6 मिलिमीटर दोरीचे दोन प्रुसिक फास (ताण आला की मुख्य दोराला आवळून बसणारे), एक हार्नेसला, एक पायाला. आळीपाळीने सरकवत वर. हे शिकायला हिमालय लागत नाही, त्याबद्दल पुढे लिहितो.

आता एक गोष्ट अशी, जी बऱ्याच अनुभवी ट्रेकर्सनाही पटत नाही. दोर बांधला की सुरक्षित, हे दर वेळी खरं नसतं. भेगा असलेल्या सपाट हिमनदीवर दोर जीव वाचवतो. पण 35-40 अंशांच्या कडक बर्फावर पाच जण एका दोराला बांधून, कुठेही नांगर (बर्फात रोवलेला आधार) न लावता एकत्र चढत असतील, तर वरच्याची एक घसरण पाचही जणांना खाली नेऊ शकते. गोठलेल्या उतारावर गुळगुळीत जॅकेट घातलेला माणूस दोन-तीन सेकंदांत इतका वेग घेतो की खालच्याला अ‍ॅक्स रोवायला सवडच मिळत नाही. अशा ठिकाणी गाइडपुढे मोजके मार्ग असतात: एक-दोन पाहुण्यांना अगदी आखूड दोरावर आपल्याजवळ ठेवणं, म्हणजे घसरण सुरू होण्याआधीच थोपवता येते, टप्प्याटप्प्याने नांगर लावून बिले देणं (नांगराशी थांबून चढणाऱ्याचा दोर धरणं), किंवा आधीच फिक्स दोर, म्हणजे उतारावर नांगरांना पक्का बांधलेला दोर, लावून ठेवणं. पहिला मार्ग दोनांपेक्षा जास्त माणसांसोबत चालत नाही. दुसऱ्याला वेळ फार लागतो. म्हणून आपल्याकडच्या मोठ्या गटांसाठी तिसरा वापरतात.

फिक्स दोरावर कंबरेपासून दोन दोऱ्या हव्यात, एकीला ज्युमार (दोरावर वर सरकणारं, खाली न घसरणारं पकडीचं साधन) आणि दुसरीला साधं लॉकवालं कॅराबिनर. नांगराशी आलात की आधी कॅराबिनर काढून नांगराच्या पलीकडे अडकवायचं, लॉक फिरवायचं, मग ज्युमार काढून पलीकडे लावायचा. कोणत्याही क्षणी निदान एक तरी गोष्ट दोरावर असलीच पाहिजे. दोन नांगरांच्या मध्ये एका वेळी एकच माणूस. पहाटे चारला, जाड हातमोज्यांत, डोकं जड झालेलं असताना नेमका हाच क्रम उलटा होतो. वीस जणांची रांग मागे खोळंबलेली असेल तर घाई होते आणि घाईत लॉक उघडं राहतं. गर्दीचा धोका असा येतो.

वेळेचं गणितही सोपं आहे, ते आयोजकाकडून लिहून घ्यावं. वरच्या कॅम्पपासून शिखर 1,200 मीटर चढाईवर असेल आणि गट तासाला 150 ते 200 मीटर चढत असेल, तर सहा ते आठ तास लागणार. रात्री एकला निघालात तर सात ते नऊच्या दरम्यान माथा. सकाळी सहाला निम्मी चढाईसुद्धा झाली नसेल तर माथ्यावर पोहोचेपर्यंत अकरा वाजून जातील, आणि त्या वेळेला आपण खाली उतरून आलेलो असायला हवं. रात्री गोठलेला बर्फ उन्हाने भुसभुशीत होतो, भेगांवरचे पूल कमकुवत होतात, वरून दगड सुटू लागतात, क्रॅम्पॉनखाली बर्फाचे गोळे चिकटतात आणि दात निकामी होतात. दर थोड्या पावलांनी अ‍ॅक्सच्या दांड्याने बुटाच्या कडेला ठोकून ते पाडावे लागतात. म्हणून हवामान बघताना पाऊस-वाऱ्याबरोबर रात्री पारा शून्याखाली कोणत्या उंचीवर जातो ते बघायचं. रात्रभर बर्फ गोठलाच नसेल तर आकाश कितीही निरभ्र असो, तो दिवस चढाईचा नाही.

उंचीबद्दल ठाणेकरांनी जरा जास्तच सावध असावं, कारण आपण समुद्रसपाटीवरून जातो. 5,500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो. तिथल्या विरळ हवेची सवय पारसिकच्या टेकडीवर कितीही धावलं तरी होत नाही. दमसास आणि उंचीशी जुळवून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट धडधाकट पोरं वेगाने चढतात आणि आधी आजारी पडतात. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस असावा, हा सर्वमान्य नियम. विमानाने लेहला, म्हणजे 3,500 मीटरवर उतरलात तर निदान दोन रात्री तिथेच. मग साधारण 5,100 मीटरवरच्या कॅम्पपर्यंत चार मुक्काम आणि एक विश्रांती. म्हणजे शिखराचा दिवस आठवा किंवा नववा. एक राखीव दिवस आणि परतीचे दिवस मिळवले तर बारा दिवस होतात. नऊ दिवसांत ‘मुंबई ते मुंबई’ बसवणारा कार्यक्रम यातलं काय गाळतो, ते ज्याने त्याने मोजावं.

डोकेदुखीसोबत मळमळ, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं होत असेल तर वर जायचं नाही. वेदनाशामक गोळी घेऊन डोकं थांबवून पुढे निघणं ही फसवणूक आहे, आणि ती स्वतःचीच. बसल्या जागी धाप, खोकला, निळसर ओठ ही फुप्फुसात पाणी होण्याची लक्षणं. सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालता येत नसेल तर मेंदूला सूज असू शकते. या दोन्हींत रात्र असली तरी लगेच खाली उतरवायचं. असेटाझोलामाइड अनेक जण 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतात. ती डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी. ती शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, पण तिच्या भरवशावर मुक्काम गाळता येत नाहीत. वर डेक्सामेथासोन (मेंदूची सूज उतरवणारं औषध), प्राणवायू आणि हे वापरता येणारा माणूस गटासोबत आहे का, हेही विचारावं.

आता इथे राहून काय करता येतं. घोडबंदर रोडवर, खारघरला पंचवीस मजली इमारती आहेत. मजला 3 मीटर धरला तर एका फेरीत 75 मीटर, चौदा फेऱ्यांत 1,050 मीटर चढाई. पाठीवर 10 किलो, तेही पाण्याच्या बाटल्यांचं. सुरुवातीचे आठवडे वर जाऊन पाणी झाडांना घाला आणि मोकळ्या सॅकने जिना उतरा, गुडघे वाचतील. शेवटच्या महिन्यात मात्र ओझ्यासह उतरा, कारण बरेच अपघात थकलेल्या पायांनी उतरतानाच होतात. हजार मीटर साडेतीन तासांच्या आत, दुसऱ्या दिवशी कामावर जाता येईल इतक्या दमात जमत असेल, तर पाय तयार आहेत असं आम्ही मानतो. रविवारी माहुली किंवा प्रबळगड, पण ट्रेकिंगच्या हलक्या बुटांत नव्हे. डोंगरावर घालणार असाल तेच बूट.

गाठी घरीच शिकता येतात: आठची गाठ, फुलपाखरू, क्लोव्ह हिच, इटालियन हिच, प्रुसिक. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून, दिवा बंद करून बांधता आल्या तर आल्या म्हणायच्या. भक्कम तुळईला दोर लावून, जमिनीपासून दोनच फूट वर, जाणकाराच्या देखरेखीत प्रुसिकवर दहा पावलं चढा. पहिल्या दिवशी घाम फुटतो. बेलापूर आणि मुंब्र्याच्या कातळांवर बिले, रॅपलिंग आणि ज्युमारचा क्रम पक्का होतो. तिघांनी 10-10 मीटरवर बांधून तासभर पायवाटेने चाललं तर दोर ताठ ठेवणं म्हणजे काय ते पायांना कळतं. आइस अ‍ॅक्सने घसरण थांबवणं मात्र बर्फाशिवाय येत नाही. खाली मोकळी, सुरक्षित सपाटी असलेल्या उतारावर पाठीवर, पोटावर, डोकं खाली अशा सगळ्या स्थितींत घसरून त्याचा एक पूर्ण दिवस सराव हवा. कार्यक्रमपत्रिकेत असा दिवस नसेल तर ती मोहीम नवख्यांसाठी नाही.

सामानाचं थोडक्यात. भाड्याचे क्रॅम्पॉन आपल्याच बुटावर चढवून, पट्ट्या न आवळताही ते बुटाला धरून राहतात का ते पाहा. चढाईच्या रात्री हे तपासायला उशीर झालेला असतो. आतून सुती कपडे नकोत, घामाने भिजले की वाळत नाहीत. हातमोजे तीन जोड्या. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी, कारण बर्फ वरून धरतो. नळीची पिशवी हमखास गोठते. चिक्की थंडीत दगड होते, त्यापेक्षा खजूर, शेंगदाणे, मऊसर लाडू आतल्या खिशात. दर हजार मीटरला अतिनील किरणांचा मारा साधारण दहा टक्क्यांनी वाढतो आणि ताजा बर्फ त्यातले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणून गॉगल चौथ्या श्रेणीचा, म्हणजे सर्वांत गडद काचेचा, बाजूंनी झाकलेला, आणि क्रीम नाकपुड्यांच्या आत व हनुवटीखालीसुद्धा.

गाइड कोण हे नावानिशी विचारा. ऑफिसात बसलेला आयोजक वेगळा, दोराला बांधून घेणारा वेगळा. दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था 1954 पासून, उत्तरकाशीची 1965 पासून हे शिक्षण देते आहे. तिथला बेसिक कोर्सच जवळपास चार आठवड्यांचा असतो, त्यात ‘अ’ श्रेणी मिळाली तर अ‍ॅडव्हान्स, त्यापुढे शिकवण्याच्या पद्धतीचा आणि शोध-बचावाचा अभ्यासक्रम. बेसिक झालेला मुलगा उत्तम गिर्यारोहक असू शकतो. दुसऱ्याला दोरावर नेणं हे वेगळं कसब आहे.

गाइड म्हणजे हमी, असंही कुणी समजू नये. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तरकाशीजवळ द्रौपदी का दांडा-2 या 5,670 मीटरच्या शिखरावर हिमस्खलन झालं तेव्हा तिथे उत्तरकाशीच्याच संस्थेचे प्रशिक्षक आणि अ‍ॅडव्हान्सचे विद्यार्थी होते. 27 मृतदेह मिळाले, दोघं बेपत्ता राहिले. त्याच वर्षी 3 जुलैला इटलीत मार्मोलाडा शिखरावर असामान्य उष्म्यात हिमनदीचा तुकडा कोसळून 11 जण गेले. डोंगरावर असे दिवस असतात. गाइडची फी आपण माघार घेण्याच्या त्याच्या निर्णयासाठीही देत असतो, किंबहुना मुख्यतः त्यासाठीच.

इथे आपल्या गटांची एक सवय आम्हाला मनापासून खटकते. शिखर झालं तरच गाइडला बक्षिसी, नाहीतर हात आखडता. मनाली, उत्तरकाशी, लेहच्या या मुलांचं घर दोन-तीन महिन्यांच्या हंगामावर चालतं. सकाळी सहाला, बर्फ मऊ लागत असताना ‘परत फिरू’ म्हणण्याची किंमत त्याने स्वतःच्या खिशातून मोजायची, असा याचा अर्थ होतो. बक्षिसी निघण्याआधी ठरवा, रक्कम गटप्रमुखाकडे द्या आणि माथा होवो न होवो तेवढीच मिळेल हे गाइडदादांना पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा. आयोजकानेही राखीव दिवस आणि माघारीची वेळ लेखी द्यावी.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती आहे. शिखर सर केल्याची बातमी छापताना तीन गोष्टी विचारून छापाव्यात: गाइडचं नाव, एका दोरावरची माणसं, आणि समुद्रसपाटीवरून निघाल्यापासून शिखराचा दिवस कितवा. तीन ओळींची जागा लागेल. आणि ठाण्या-बेलापूरचा एखादा गट माथ्याखाली दोनशे मीटरवरून, सकाळी सात वाजता, गाइडच्या शब्दाखातर मागे फिरून सगळ्यांसह घरी आला, तर त्याचीही बातमी फोटोसह, त्या गाइडच्या नावासह छापावी.

आपले,
गिर्यारोहण शिकवणारे काही वाचक,
ठाणे आणि नवी मुंबई